कंप मोजणारा डॉक्टर

मनगटावर घड्याळ बांधून दिवसभराची पावले, झोप आणि नाडी मोजण्याची आता आपल्याला सवय झाली आहे. सकाळी फिरायला जाणारे आजोबाही आज किती पावले झाली, ते नातवाकडून मोबाइलमध्ये बघून घेतात. हीच घड्याळे आणि खिशातले स्मार्टफोन मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारावर लक्ष ठेवायला वापरता येतील का, यावर गेली काही वर्षे जगभर संशोधन सुरू आहे. हे सगळे अगदी आजचे वाटते. पण रुग्णाच्या मनगटावर उपकरण बांधून हाताच्या कंपाची नोंद घेणारा एक डॉक्टर एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये होऊन गेला. या आजाराला स्वतंत्र ओळख देणाराही तोच. त्यांचे नाव जाँ-मार्तां शार्को. मेंदूविकारशास्त्राच्या जनकांमध्ये त्यांची गणना होते. त्यांचे आयुष्य समजून घेतले, तर हातातल्या मोबाइलकडून काय अपेक्षा ठेवावी आणि काय ठेवू नये, हेही समजते.

शार्को यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८२५ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील घोडागाड्या बनवणारे कारागीर. घरची परिस्थिती बेताचीच. मुलगा अबोल, अभ्यासू. चित्रकलेचा हात मात्र उत्तम. पुढे वैद्यकीत आल्यावर हा हात त्यांना जन्मभर उपयोगी पडला. रुग्ण कसा उभा राहतो, पाय कसा टाकतो, बोटे कशी वळलेली आहेत, हे ते चटकन कागदावर उतरवत. चित्र काढणाऱ्याला नीट बघावे लागते आणि शार्को यांची खरी ताकद बघण्यातच होती. १८५३ मध्ये त्यांनी सांध्यांच्या विकारांवर प्रबंध लिहून पदवी मिळवली. गाऊट आणि जुनाट संधिवात हे दोन वेगळे आजार कसे ओळखावेत, हा त्यातला विषय. एकसारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या करणे, हेच काम त्यांनी पुढे आयुष्यभर केले.

पाच हजार स्त्रियांचे रुग्णालय

१८६२ मध्ये शार्को सालपेत्रिएर या रुग्णालयात विभागप्रमुख म्हणून रुजू झाले. ही जागा मुळात बंदुकीच्या दारूची कोठी. सतराव्या शतकात राजा चौदाव्या लुईच्या काळात तिथे निराधार स्त्रियांसाठी आश्रयगृह सुरू झाले. शार्को आले तेव्हा तिथे सुमारे पाच हजार स्त्रिया राहत होत्या. म्हाताऱ्या, अपंग, फिट येणाऱ्या, मनोरुग्ण, ज्यांना घरात कोणी ठेवून घेत नव्हते अशा. महत्त्वाकांक्षी डॉक्टरांना ही नेमणूक नकोशी वाटे. कारण तिथे बरे होऊन घरी जाणारे रुग्ण फार थोडे.

शार्को यांनी नेमके यातच मोल पाहिले. साध्या रुग्णालयात रुग्ण आठ-पंधरा दिवस राहतो आणि जातो. इथे तोच रुग्ण वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर होता. मित्र आणि सहकारी अल्फ्रेड व्हुल्पियां यांच्यासह त्यांनी एकेक वॉर्ड पिंजून काढला. प्रत्येक स्त्रीची तपासणी करायची, लिहून ठेवायचे, काही महिन्यांनी पुन्हा तपासायचे, पुन्हा लिहायचे. रुग्ण दगावली तर शवविच्छेदन करून मेंदू आणि मज्जारज्जू सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आणि जिवंतपणी लिहिलेल्या नोंदीशी ताडून बघायचे. त्या काळी ना एमआरआय होते, ना सीटी स्कॅन. मेंदूत काय बिघडले आहे हे कळण्याचा हाच एक मार्ग होता आणि त्यासाठी जिवंतपणीच्या नोंदी अचूक असणे गरजेचे होते.

बशा फोडणारी मोलकरीण

या काळातली एक हकिकत प्रसिद्ध आहे. सिग्मंड फ्रॉइड काही महिने शार्को यांचे विद्यार्थी होते. १८९३ मध्ये गुरूंवर लिहिलेल्या मृत्युलेखात त्यांनी ती नोंदवली आहे. शार्को यांनी घरकामाला एक बाई ठेवली होती. तिच्या हातांना विचित्र कंप होता. हातातल्या वस्तू पडत, त्यामुळे तिला कुठेच काम मिळत नसे. शार्को यांनी तिला ठेवून घेतले. वर्षानुवर्षे तिने इतक्या बशा आणि ताटल्या फोडल्या की त्यांचा खर्च बराच झाला. पण तिला काढले नाही. तिचा हात कधी थरथरतो, कधी नाही, थकल्यावर काय होते, हे रोज समोर दिसत होते. पुढे तिचा मृत्यू झाल्यावर शवविच्छेदनात मेंदूत आणि मज्जारज्जूत जागोजागी कठीण झालेले चट्टे सापडले. त्या कंपाचे कारण तेव्हा उलगडले.

या गोष्टीचे दोन अर्थ आहेत. पहिला असा की, काही आजार तपासणीच्या खोलीत पुरते दिसत नाहीत. ते स्वयंपाकघरात, जिन्यावर, रोजच्या कामात दिसतात. दुसरा अर्थ जरा टोचणारा आहे. त्या बाईला आपण अभ्यासाचा विषय आहोत याची किती कल्पना होती, कोण जाणे. आज रुग्णाची संमती घेतल्याशिवाय असे निरीक्षण करता येत नाही. मोबाइलमधल्या ॲपलाही हाच नियम लागू असायला हवा. तुमचे चालणे, झोप, बोटांचा वेग ही माहिती कुठे साठते आणि कोण पाहते, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

१८६८: आजाराला नाव मिळाले

मज्जारज्जूतले हे चट्टे शार्को यांच्याआधीही डॉक्टरांना दिसले होते. ब्रिटनचे रॉबर्ट कार्सवेल आणि फ्रान्सचे जाँ क्रुव्हेइए यांनी १८३० च्या आगेमागे त्यांची सुरेख चित्रेही काढून ठेवली होती. पण या चट्ट्यांमुळे जिवंत माणसात नेमकी कोणती लक्षणे दिसतात, याचा मेळ बसला नव्हता. तो शार्को यांनी घातला. १८६८ मध्ये सालपेत्रिएरमधल्या व्याख्यानांत त्यांनी हा स्वतंत्र आजार म्हणून मांडला. फ्रेंचमध्ये त्याला चट्ट्यांचा स्क्लेरोसिस अशा अर्थाचे नाव मिळाले. आपण त्यालाच मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा थोडक्यात एमएस म्हणतो.

या आजारात काय होते? विजेच्या तारेवर जसे प्लॅस्टिकचे वेष्टण असते, तसे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून याच आवरणावर हल्ला करते. आवरण जाते, संदेश रेंगाळतो किंवा अडकतो. हल्ला दृष्टीच्या नसेवर झाला तर एका डोळ्याला धूसर दिसते, मज्जारज्जूवर झाला तर पाय जड होतात, मुंग्या येतात, लघवीवर ताबा राहत नाही. आवरण नष्ट होते, पण आतला तंतू बराच शाबूत राहतो, हे शार्को यांनी त्या काळातल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले होते. लक्षणे येतात आणि काही काळ ओसरतात, स्मरणशक्ती आणि विचारांचा वेगही मंदावतो, हेही त्यांनी लिहून ठेवले. डोळ्यांची बुबुळे आपोआप हलणे, काही करायला गेल्यावर हात कापणे आणि तुटक बोलणे, ही तीन लक्षणे आजही त्यांच्या नावाने शिकवली जातात. मात्र ही तिन्ही एकत्र असलेले रुग्ण आज कमीच दिसतात. आजार आता त्याच्या कितीतरी आधी ओळखता येतो.

पाण्याचा पेला आणि मनगटावरचे यंत्र

शार्को यांच्यासमोर मोठा पेच होता तो कंपाचा. त्या काळी हात थरथरणारे सगळे रुग्ण एकाच माळेत ओवले जात. शार्को यांनी एक साधी गोष्ट केली. रुग्णाला पाण्याचा पेला उचलून ओठांपर्यंत न्यायला सांगितले. कंपवाताच्या रुग्णाचा हात मांडीवर स्वस्थ असताना थरथरे आणि पेला उचलताना कंप कमी होई. एमएसच्या रुग्णाचे उलटे. हात स्वस्थ असताना काही नाही. पेला ओठांजवळ जाऊ लागला की कंप वाढत जाई आणि पाणी सांडे. या कंपवाताला पार्किन्सनचा आजार हे नाव रूढ केले तेही शार्को यांनीच.

पण नुसत्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांचे समकालीन एतियेन-ज्यूल मारे यांनी १८६० च्या सुमारास नाडी नोंदवणारे एक यंत्र तयार केले होते. ते मनगटावर बांधायचे. नाडीच्या ठोक्यासरशी एक बारीक काडी हले आणि काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटे. शार्को यांनी हेच यंत्र कंप नोंदवायला वापरले. कंप जलद आहे की संथ, एकसारखा आहे की वाढत जाणारा, हे आता कागदावर दिसू लागले. मान हलते ती स्वतःहून की हातापायांच्या हादऱ्याने, हे दाखवायला त्यांनी रुग्णांच्या डोक्यावर लांब पिसेही लावली. पिसाचे टोक बारीकशी हालचालही मोठी करून दाखवते. एका परीने तो त्या काळचा सेन्सरच होता.

आजच्या घड्याळात आणि मोबाइलमध्ये काडी-काजळीच्या जागी नखाएवढी चिप असते. हालचालीचा वेग आणि दिशा ती सेकंदाला अनेकदा टिपते. एमएससाठी तयार केलेल्या ॲपमध्ये छोट्या चाचण्या असतात. पडद्यावरची आकृती बोटाने गिरवा, दोन बोटांच्या चिमटीत चित्र पकडा, मोबाइल कमरेला लावून दोन मिनिटे चाला, पाच-सहा पावले जाऊन मागे वळा, अर्धा मिनिट स्थिर उभे राहा, चिन्हांच्या जोड्या जुळवा. गिरवण्यातून हाताचा कंप आणि नेमकेपणा कळतो, वळण्यातून तोल, जोड्या जुळवण्यातून विचारांचा वेग. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तर रोज मोबाइलवर टाइप करताना बोटांचा वेग कसा बदलतो, याचाही अभ्यास केला आहे. अमेरिकेत मनगटावरच्या यंत्राने एमएसच्या रुग्णांची पावले वर्षभर मोजली गेली. ज्यांची रोजची पावले घटत गेली, त्यांचे अपंगत्व वाढण्याशी त्या घटीचा संबंध दिसला.

शार्को यांचा पेला आणि आजचा मोबाइल यांत एक साम्य आहे. दोन्ही एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर शोधतात. प्रश्न माहीत नसेल तर काजळीवरची रेघ नुसतीच रेघ आणि घड्याळातला आकडा नुसताच आकडा.

कीर्ती आणि चूक

१८७० नंतर शार्को यांची कीर्ती वाढत गेली. १८७२ मध्ये ते प्राध्यापक झाले. १८८२ मध्ये मज्जासंस्थेच्या विकारांसाठी खास अध्यासन निर्माण करून ते त्यांना देण्यात आले. स्नायू झिजवणाऱ्या एएलएस या आजाराचे वर्णनही त्यांचेच. बाबिन्स्की, पिएर मारी, जिल द ला तुरेत हे पुढे गाजलेले डॉक्टर त्यांच्या हाताखाली तयार झाले. रुग्णालयात त्यांनी प्रयोगशाळा आणि छायाचित्र विभागही उभा केला. त्यांच्या व्याख्यानांना डॉक्टरच नव्हे, तर लेखक, कलावंत आणि नटही गर्दी करत.

याच काळात त्यांचा हिस्टेरियाचा अभ्यास सुरू झाला आणि इथेच त्यांची मोठी चूक घडली. हिस्टेरियाचा झटका ठरावीक टप्प्यांनी येतो, असे त्यांचे मत होते. व्याख्यानाच्या वेळी भरलेल्या सभागृहात रुग्ण स्त्रियांना संमोहित करून ते टप्पे दाखवले जात. त्या स्त्रियांना आपल्याकडून काय अपेक्षित आहे ते कळत गेले आणि तसेच झटके येत गेले. शार्को गेल्यावर थोड्याच वर्षांत हा सिद्धांत मोडीत निघाला. त्यांच्या शिष्यांनीही त्याची साथ सोडली.

ज्यांनी आधी इतके काटेकोर काम केले होते, त्यांच्याच हातून हे घडावे याचे नवल वाटते. १८६५ मध्ये शार्को यांनीच एक रुग्ण मांडली होती. हातपाय आखडलेल्या त्या स्त्रीला हिस्टेरिया आहे, असे धरले गेले होते. शवविच्छेदनात तिच्या मज्जारज्जूतच बिघाड निघाला. म्हणजे ज्याला मनाचे दुखणे म्हणतात ते शरीराचे असू शकते, हा धडा त्यांच्या समोर होता.

हा धडा आजही ताजा आहे. एमएस बहुतेक वेळा विशी ते चाळिशीत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त होतो. पायाला मुंग्या येतात, दुपारी अंगातले त्राण जाते, आठवडाभर एका डोळ्याला धूसर दिसते आणि मग आपोआप बरे वाटते. डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत तपासणीत फारसे काही सापडत नाही. मग टेन्शन आहे, अशक्तपणा आहे, घरी काही भांडण झाले का, असे प्रश्न सुरू होतात. सरकारी रुग्णालयाच्या गर्दीत आम्हा डॉक्टरांच्या हाती वेळ थोडा असतो आणि येणारा-जाणारा आजार नेमका त्या थोड्या वेळातून निसटतो. अशा वेळी तारीखवार नोंद हा रुग्णाच्या बाजूचा साक्षीदार असतो. १२ तारखेला डावा डोळा धूसर, नऊ दिवस टिकले. दोन महिन्यांनी उजवा पाय जड, तीन आठवडे. एवढे लिहिलेले समोर आले, तर डॉक्टर सावध होतो.

दुसरा धडा नोंदी ठेवणाऱ्यांसाठी आहे. सतत एकच गोष्ट शोधत राहिले की ती सापडायला लागते. घड्याळाने आज पावले कमी दाखवली म्हणून आजार वाढला, असे समजू नका. पावसात माणूस घराबाहेर पडत नाही, सुट्टीच्या दिवशी कमी चालतो, सणाच्या दिवशी जास्त. काठी किंवा वॉकर घेऊन सावकाश चालणाऱ्यांची पावले मनगटावरचे घड्याळ बरेचदा कमी मोजते. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नसतो. काही आठवड्यांचा कल पाहावा लागतो. आकडा पाहून औषध स्वतःच कमी-जास्त करणे तर अजिबात नको.

मृत्यू आणि त्यानंतरची शंभर वर्षे

शार्को यांनी एमएसवर त्या काळातली जवळजवळ सगळी औषधे वापरून पाहिली. सिल्व्हर नायट्रेट, सोन्याचे क्षार, अगदी कुचल्यातले विषसुद्धा. कशाचाही उपयोग झाला नाही आणि ते त्यांनी लपवले नाही. १६ ऑगस्ट १८९३ रोजी, मध्य फ्रान्समधल्या एका सरोवराजवळ सुटीवर असताना, फुप्फुसात पाणी भरून त्यांचा मृत्यू झाला. वय ६७. मुलगा जाँ-बातिस्त वैद्यकी शिकला, पण पुढे दक्षिण ध्रुवाकडे जाणारा संशोधक म्हणून नावारूपाला आला.

शार्को यांच्या मृत्यूला बरोबर शंभर वर्षे होत असताना, १९९३ मध्ये, अमेरिकेत एमएससाठी इंटरफेरॉन बीटा या औषधाला मंजुरी मिळाली. आजाराच्या झटक्यांची संख्या कमी करणारे हे पहिले औषध. त्याआधी १९८१ पासून एमआरआयमध्ये मेंदूतले चट्टे जिवंतपणीच दिसू लागले होते. आज गोळ्या, इंजेक्शने, सलाइनमधून देण्याची औषधे असे अनेक पर्याय आहेत. एक लागू पडत नसेल तर दुसरे देता येते.

म्हणूनच मोजण्याला आज जे मोल आहे, ते शार्को यांच्या काळात नव्हते. त्यांनी मोजले ते आजार ओळखण्यासाठी. पुढे करण्यासारखे हाती काही नव्हते. आज वेळेवर कळले की औषध लागू पडत नाही, तर ते बदलता येते आणि एखाद्याचे चालणे वाचू शकते. दवाखान्यात यासाठी १९८३ मध्ये अमेरिकन डॉक्टर जॉन कुर्ट्झके यांनी ठरवलेली शून्य ते दहा अंकांची मोजपट्टी वापरतात. पण तिचा भर चालण्यावर जास्त. हाताचे कौशल्य, थकवा, विचारांचा वेग तिच्यातून बरेचसे सुटतात. घरच्या नोंदी ही उणीव भरून काढू शकतात.

आपल्याकडे काय करता येईल?

भारतात एमएस युरोप-अमेरिकेच्या मानाने कमी आढळतो, पण तो इथे नाहीच, हा समज खोटा आहे. मुंबईतले ज्येष्ठ मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी सहकाऱ्यासह १९९० मध्ये मुंबई-पुण्यातल्या पारशी समाजात हा आजार लक्षणीय प्रमाणात असल्याचे दाखवून दिले होते. इतर समाजांतही रुग्ण आहेत. एमआरआय वाढले तसे निदानही वाढले.

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरच्या रुग्णाला मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवायला बहुधा परळ, भायखळा किंवा सायन गाठावे लागते. पहाटेची लोकल, पुलाचे जिने, केसपेपरची रांग. नंबर लागेपर्यंत रुग्ण इतका थकलेला असतो की त्या वेळचे त्याचे चालणे हे रोजचे चालणे नसते. कधी उलटे होते. तीन महिने त्रास झाला आणि नेमके त्या दिवशी बरे वाटते. तीन-सहा महिन्यांतून एकदा होणाऱ्या या भेटीपेक्षा घरातली नोंद जास्त खरी असते.

उन्हाळ्याचेही असेच. एप्रिल-मेमध्ये बदलापुरात पारा चाळिशी ओलांडतो. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उट्होफ यांनी १८९० मध्येच लिहिले होते की, श्रमाने अशा रुग्णांची नजर तात्पुरती धूसर होते. अंगाचे तापमान वाढले की आवरण गेलेल्या तंतूंतून संदेश आणखी रेंगाळतो, हे त्याचे कारण. उन्हातून आल्यावर पाय लटपटले, नजर अंधुक झाली आणि सावलीत बसून, गार पाण्याने अंग पुसून तासाभरात बरे वाटले, तर तो सहसा नवा झटका नसतो. नवे लक्षण २४ तासांहून जास्त टिकले आणि ताप किंवा लघवीचा संसर्ग नसेल, तर मात्र झटक्याची शंका घ्यावी आणि लगेच डॉक्टरांना कळवावे. ही तारीख-वेळेची नोंद असेल तर फरक करणे सोपे जाते.

महागडे घड्याळ नसले तरी अडत नाही. साध्या मोबाइलमधले स्टॉपवॉच आणि एक वही पुरते. चाळीच्या व्हरांड्यात किंवा गच्चीवर साडेसात मीटर अंतर मोजून दोन खुणा करा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, त्याच चपला आणि गरज असेल तर तीच काठी घेऊन, झेपेल तेवढ्या वेगाने पण पडणार नाही असे चाला. सोबत कोणी तरी असू द्या. लागलेले सेकंद लिहा. नेहमीच्या वेळेपेक्षा २० टक्क्यांहून जास्त वेळ लागू लागला आणि तो तसाच राहिला, तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. हातासाठी दर आठवड्याला त्याच कागदावर एक गोल आणि आपली सही करून ठेवा. थकवा शून्य ते दहात लिहा. पडलात, लघवीचा त्रास झाला, औषध चुकले, ताप आला, तर तारखेसह टिपा. शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईने सुईत दोरा ओवायला किती वेळ लागतो हे लिहिले, तरी ती उत्तम चाचणी आहे. दोन कामांच्या गोष्टी निवडा आणि त्या नियमाने मोजा; वीस गोष्टी मोजायला गेलात तर महिनाभरात वही बंद पडेल. तज्ज्ञाकडे जाताना सगळी वही नको, एका पानावर सारांश न्या.

दृष्टी अचानक गेली, दोन्ही पाय एकदम लुळे पडले, लघवी अडली किंवा गिळता येईना, तर नोंदी करत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.

आणखी एक माहिती अनेकांना नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे. सरकारी रुग्णालयातून तपासणीनंतर प्रमाणपत्र मिळू शकते आणि तिथेही आजाराच्या जुन्या कागदांचा उपयोग होतो. मुंबईत १९८५ पासून एमएसच्या रुग्णांची संस्थाही काम करते आहे.

नोंद ठेवणे हे फक्त डॉक्टरांचे काम नाही. इंग्लंडच्या राजा तिसऱ्या जॉर्जचा नातू ऑगस्टस देस्ते याने १८२२ पासून दोन दशकांहून अधिक काळ आपल्या आजारपणाची रोजनिशी लिहिली. आधी धूसर नजर, मग बधिरपणा, मग पाय. शार्को यांनी आजाराला ओळख देण्याच्या कितीतरी आधी तो माणूस गेला. त्याला आपल्याला काय झाले आहे हे शेवटपर्यंत कळले नाही. पण शंभर वर्षांनी ती रोजनिशी छापली गेली आणि वाचणाऱ्या डॉक्टरांनी आजार ओळखला. आपल्या रुग्णांना इतकी वाट पाहण्याची गरज नाही. आजार ओळखणारे आहेत, औषधे आहेत. दोन भेटींच्या मधले महिने तेवढे डॉक्टरांना दिसत नाहीत. ते दाखवायला वही किंवा मोबाइल, जे जमेल ते वापरा, आणि पुढच्या तारखेला ते पान सोबत न्यायला विसरू नका.